डावा खिसा

सकाळी सहाच्या सुमाराला धरणाच्या भिंतीवरून आकडा ऐकू यायचा. एकशे बेचाळीस. दुसऱ्या दिवशी एकशे साडेबेचाळीस. माणूस एकटा, खाली पाणी, समोर डोंगर, आणि भिंतीवर रंगवलेली फुटांची खूण वाचून हा गृहस्थ कुणी विचारल्यासारखा ती मोठ्यानं सांगतोय. भंडारदऱ्याला शिक्षिका म्हणून गेले त्या पहिल्या सकाळी मला वाटलं, इथं कुणाचं तरी डोकं फिरलंय. मग कळलं, हे आमचे शेजारी नारायणराव. धरणातलं पाणी रोज किती चढलं-उतरलं ते बघून वहीत लिहिणं हे त्यांचं काम. सगळी वसाहत त्यांना नाना म्हणायची.

लढाईचे दिवस होते. मी नगरची, मिशनच्या शाळेत शिकलेली, बावीस वर्षांची. वडील उपदेशक, त्यामुळे आमच्या घरात पत्ते सोडाच, सोंगट्यासुद्धा नव्हत्या. मिशनच्या दवाखान्यात सहा महिने हाताखाली काम केलं होतं म्हणून माझ्या ट्रंकेत एक थर्मामीटर होता आणि त्याचा मला फार तोरा होता. अशा मुलीच्या शेजाराला नाना. मी ओट्यावर ट्रंक उघडत होते, तेव्हा ते कुंपणापाशी आले, नमस्कार केला आणि समोरच्या ऑफिसच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. पत्र्यावर दोन कावळे बसले होते.

“बाई, आधी कोन उडंल? डावा का उजवा?”

मी जुगार खेळत नाही, असं मी त्यांना शक्य तितक्या खडूसपणे सांगितलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. लावायचं काहीच नाही, नुसतं सांगायचं, तर त्यात जुगार कुठला, असं म्हणाले. मी तोंड फिरवलं. पण पातळं बाहेर काढताना माझं अर्धं लक्ष पत्र्यावर होतं, हे आज कबूल करते. उजवा उडाला.

उंच, हडकुळा माणूस. खाकी कोट, त्याला दोन मोठे खिसे. त्यांना कधी निवांत बसलेलं मी पाहिलं नाही. बसले तरी उजवी टाच उडत असायची, उभे राहिले की बोटांत एक खडा फिरत असायचा. बोलता बोलता ते ओट्याच्या या टोकापासून त्या टोकाला जाऊन यायचे, आणि समोरच्याची मान दुखायला लागायची. मूळचे तिसगावचे. तिकडच्या उन्हातून या ओल्या डोंगरात येऊन पडले होते, आणि त्यावर त्यांचं म्हणणं असं, की तिसगावला पाऊस पडेल की नाही यावर पैज लागते. इथं तो पडणारच, तेव्हा कधी पडणार एवढ्यावरच भागवावं लागतं.

भागवायचे मात्र झकास. भुईमुगाच्या शेंगेत दाणे दोन की तीन, तालुक्याच्या अकोल्याहून रेशन आणणारी भिकाची लॉरी चढावावर कितीदा बंद पडेल, आठवड्याला येणारे डॉक्टर आधी टोपी काढतील की पिशवी ठेवतील. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा भिकानं लॉरीला मागं कोळशाची भट्टी लावून घेतली होती. चढ आला की ती धापा टाकायची आणि नानांना उधाण यायचं. “बोला, लागली?” हे त्यांचं पालुपद. शाळेतली पोरंसुद्धा एकमेकांना “बोला, लागली?” म्हणायला लागली. मी चिडून नानांकडे तक्रार घेऊन गेले आणि परत आले तेव्हा माझ्या ओच्यात जिंकलेल्या मूठभर शेंगा होत्या. तीन दाण्यांची शेंग मी बरोबर ओळखली होती. त्या शेंगा गोड लागल्या. वडिलांना मी हे कधी कळवलं नाही.

त्यांच्या खेळाला कायदा होता आणि तो ते फार अभिमानानं सांगत. पगाराच्या दिवशी कोटाचे दोन्ही खिसे भरायचे. उजवा घराचा. तो घरी गेल्या गेल्या बायकोच्या, सरूवहिनींच्या, पुढ्यात रिकामा व्हायचा. डावा खेळाचा. डाव्यात असेल तेवढंच लावायचं, तो संपला की कोट झटकून उठायचं. गेलेलं परत आणायला म्हणून पुन्हा लावायचं नाही. आणि धरण भरण्याच्या पैजेत नानांनी उतरायचं नाही, कारण तिथं ते पंच.

ही धरणाची पैज म्हणजे वसाहतीचा सणच होता. पाणी सांडव्यावरून कोणत्या दिवशी पडणार, यावर राजूरच्या बाजारापर्यंत पैजा लागत. शेवटचा शब्द नानांचा. त्यांनी भिंतीवरून ओरडून सांगितलं की भरलं. त्यावर कुणी ब्र काढत नसे. आकडा मोठ्यानं का वाचता, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “मनात वाचला की डोळा आपल्याला पायजे तसं बघतो, बाई. त्वांडानं म्हनलं की त्याला लाज वाटती.” मला हे इतकं आवडलं की मी पोरांना पाढे मोठ्यानं म्हणायला लावले.

सरूवहिनी अगदी उलट्या. बोलणं कमी, हात चालू. माहेरहून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या, एक गाय आणि एक शिवणयंत्र. वसाहतीतल्या सगळ्यांचे सदरे, परकर, पोरांच्या चड्ड्या त्याच शिवायच्या. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. दुपारी शाळेतून आले की भिंतीपलीकडे मशीन टकटकत असायची आणि त्या आवाजावर मला हमखास डुलकी लागायची. त्यांची कुसुम माझ्याच वर्गात, सात वर्षांची. तिला आकडे फार लवकर यायचे, ते का ते सांगायला नको.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात नाना जरा जास्तच फिरायला लागले. भिंतीवर दिवसातून दोनदा जायचं, ते पाच-सहादा जाऊ लागले. भर पावसात, इरलं डोक्यावर घेऊन. मला वाटलं, पाणी झपाट्यानं चढतंय म्हणून काळजी असेल. शेंगांच्या पैजा बंद झाल्या होत्या, हे मला आवडलंच होतं. माणूस पैजा गमतीनं लावतो तेव्हा हरल्याची गंमत चारजणांना सांगतो. नाना हरल्याचं सांगेनासे झाले होते, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. एकदा भिकाच्या लॉरीपाशी त्यांचा हात उजव्या खिशात जाताना मी पाहिला. पाहिला आणि माझ्या वाटेनं गेले.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी पाऊस असा काही कोसळत होता की शाळा सोडून द्यावी लागली. धरणाचे साहेब फिरतीवर. भिंतीवर एकटे नाना. वाटलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गप्प राहू शकले असते, त्या पावसात कुणी बघायला जाणार नव्हतं. पण तीनच्या सुमाराला त्यांची हाक आली. भरलं. पाणी पडतंय. आवाज चिरकलेला होता. तो पावसानं असेल असं आम्हाला वाटलं. ज्यांनी तो दिवस धरला होता त्यांनी नानांना उचलून नाचवलं, आणि असा सचोटीचा माणूस तालुक्यात नाही असं जो तो म्हणू लागला. मीही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भिकाची लॉरी आमच्या दारात उभी राहिली. भिकानं आणि त्याच्या क्लीनरनं शिवणयंत्र उचलून लॉरीत ठेवलं. सरूवहिनी दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या. नानांनी भिकाशी पैज लावली होती, धरण पौर्णिमेच्या आधी भरणार नाही म्हणून. पंचानं लावायची नाही हा कायदा मोडला आणि पंचाचं काम मात्र प्रामाणिकपणे करून ते हरले. मला त्यांचा असा संताप आला की आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. खोटं सांगितलं असतं तर बरं, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

भिंतीपलीकडे आता आवाज नव्हता. मला दुपारी झोप लागेना. वहिनी हातानं शिवायच्या, पण एका सदऱ्याला दोन दिवस लागायचे, आणि लोक हळूहळू राजूरच्या शिंप्याकडे जाऊ लागले. नाना ओट्यावर येरझाऱ्या घालत. माझ्याशी बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, “मशीन आनतो म्हागारी. आता एकच डाव, बाई. येक बसला की खेळ बंद.” कायद्यातलं राहिलेलं शेवटचं कलम त्यांनी असं मोडलं. त्यांना ते कळलंही नसावं.

गणपती गेले आणि कुसुमला ताप आला. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप. चौदा दिवसांनी उतरेल, नाहीतर एकविसाव्या दिवशी. तोवर दूध, उकळलेलं पाणी आणि काळजी. वसाहतीत थर्मामीटर माझाच, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ मी ताप बघायची आणि तक्त्यावर लिहायची. एकशे तीन. एकशे साडेतीन. पोर डोळे उघडायची नाही. वहिनी रात्रंदिवस उशाशी. नाना दारात उभे राहून आकडा विचारत आणि मी सांगितला की तो मोठ्यानं म्हणत. बापाचा जीव आहे, मी म्हटलं. माझा राग जवळजवळ गेला होता.

चौदावा दिवस आला. ताप हलला नाही. वहिनींनी पहिल्यांदा तोंडाला पदर लावला. मी बाहेर आले, नानांना सांगितलं, एकशे दोन. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला, आणि मला त्या श्वासात काहीतरी विचित्र वाटलं. ओझं उतरल्यावर सोडतो तसा होता तो. मी स्वतःला दटावलं, की शीण तुला आलाय, म्हणून भलतंच दिसतंय.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी भिका शाळेपाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ लॉरीचं चाक बघत होता. मग त्यानं विचारलं, पोरीचा ताप कसा आहे. मी सांगितलं, जरा उतरणीला लागलाय. तो खाली बघून म्हणाला, “बाई, मी न्हाई म्हनत हुतो. नाना ऐकंनात. ताप एकविसाव्या दिशी उतरंल म्हनून लावलीय. बरुबर त्या दिशी उतरला तर मशीन त्यांची. आदी उतरला, मागनं उतरला, तर गाय माजी.”

मी काय बोलले ते आठवत नाही. बरंच बोलले असणार, कारण पोरं वर्गातून बाहेर आली. भिकानं सगळं ऐकून घेतलं. आणि मग, जाता जाता, त्यानं आणखी सांगितलं की मशीन त्याच्याकडे नाहीच. अकोल्याला कधीच विकून टाकली. नानांना ते सांगायचा धीर होईना. एवढा बरोबर दिवस काही जमायचा नाही, अशा भरवशावर तो हो म्हणाला होता.

नानांना लगेच जाऊन सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. भांडण झालं तर पोरीच्या उशाशी होईल, ताप उतरू दे आधी, असं मी ठरवलं. ते बरोबर की चूक हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी कुसुमच्या काखेत थर्मामीटर लावला. कपाळ ओलं होतं. तिनं डोळे उघडले होते आणि ती पेज मागत होती. मी पारा बघितला. वहिनींच्या हातावर हात ठेवला. त्यांना सांगायची गरज पडली नाही, त्या रडायलाच लागल्या. नाना दारात.

“किती?”

“उतरला,” मी म्हणाले.

ते दोन पावलं आत आले. त्यांच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम बघत होते, म्हणून सांगते. त्या चेहऱ्यावर आनंद यायला निघाला होता आणि वाटेत अडला. टाच उडायला लागली. नीट लागला नसेल, ते म्हणाले. पुन्हा एकदा लावून बघा. काच झटकली होती का? मी पुन्हा लावला. कुसुम गुदगुल्या झाल्यासारखी हसली, एकोणीस दिवसांनी. मी थर्मामीटर काढला, पण बघितला नाही. तसाच नानांच्या हातात दिला.

“तुम्हीच वाचा. तुम्ही रोज वाचता तसा.”

ते खिडकीपाशी गेले. उजेडात काच फिरवत राहिले. पारा दिसत नव्हता असं नाही, धुक्यातून भिंतीवरची खूण वाचणारा माणूस तो. ओठ हलले, शब्द येईना. माझ्याकडे वळून ते फार हळू म्हणाले, तक्त्यावर दोन दिवस तापच लिहिला तर कुणाचं काय जाणार आहे. वहिनींनी मान वर केली. खोलीत आवाज फक्त कुसुमचा होता, पेज मागणारा. तिनंच विचारलं, “किती हाय ओ नाना? सांगा की मोठ्यानं.” तीही बापाला नानाच म्हणायची.

“अठ्ठ्याण्णव,” नाना म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, धरणावर म्हणायचे तसे. “अठ्ठ्याण्णव.” आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. त्यांना असं जमिनीवर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. टाच थांबली होती.

“बाई, ताप उतरला आन् मला वाईट वाटलं,” ते म्हणाले. “माज्या पोरीचा ताप उतरला आन् मला वाईट वाटलं वो. चौदाव्याला उतरला न्हाई तवा बरं वाटलं हुतं. ह्ये काय झालंय मला?”

एरवी मी सगळ्यांना उपदेश करायची, त्या दिवशी तो केला नाही. मी त्यांना मशीनचं सांगितलं, ती विकली गेल्याचं. त्यांनी नुसती मान हलवली. मशीनचं त्यांच्या मनातही उरलेलं दिसलं नाही. पण थोड्या वेळानं ते उठले आणि गाय सोडायला गोठ्याकडे निघाले, हरलो ते हरलो म्हणून. तेव्हा वहिनी उठल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला वर तोंड करून एक शब्द विचारला नव्हता.

“गाय माज्या माहेरची हाय,” त्या म्हणाल्या. “लावायला ती तुमची कवा झाली? भिकाला म्हनावं, न्यायची तर माज्याकडं मागायला ये.”

भिका आला नाही. नाना मात्र दुपारी कोट घेऊन वहिनींपुढे बसले. वहिनींनी सुईत दुहेरी दोरा ओवला आणि डावा खिसा तोंडापासून शिवून टाकला, बारीक, जवळजवळ टाके घालून. नानांनीच तसं सांगितलं होतं. पगार यापुढे वहिनींच्या हातात पडावा म्हणून त्यांनी साहेबांच्या कारकुनाला गाठून तशी व्यवस्थाही करून घेतली. नानांना ह्याची लाज वाटेल की काय अशी मला भीती होती, पण तेच कारकुनाला म्हणाले, लाज वाटायची ती वाटून झालीय.

आता सगळं ठीक झालं, असं मी वडिलांना पत्रात कळवलं. पण माणूस इतक्या सोप्या गोष्टीनं सुधारत नाही. नानांची टाच परत उडू लागली. संध्याकाळी भिकाच्या लॉरीचा आवाज आला की ते घरातून उठून उलट्या दिशेनं, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचे आणि लॉरी उतरून गेल्यावरच परतायचे. जेवण कमी झालं. शेंगा पुढ्यात आल्या की ताट सारायचे. दिवाळीनंतर एकदा मला त्यांच्या डाव्या खिशाचे चार टाके तुटलेले दिसले. मी काही बोलायच्या आधीच ते घरात गेले, कोट काढला, आणि वहिनींना सांगितलं की ब्लेडनं आपणच उसवला, राजूरला गेलो, हरलो, आलो. वहिनींनी सुई घेतली. खिसा दुसऱ्यांदा शिवला गेला. त्यानंतर तो उसवलेला मी पाहिला नाही, पण पाहिला नाही एवढंच मी सांगू शकते.

पुढच्या पावसाळ्यात धरणाच्या पैजा नेहमीप्रमाणे लागल्या. पंच नानाच. भरल्याच्या दिवशी त्यांनी कुसुमला बरोबर नेलं आणि खूण तिला वाचायला लावली. त्या वर्षी भिंतीवरून तिचाच आवाज आला, किनरा आणि अगदी स्वच्छ.

त्यानंतर सहा महिन्यांत माझी नगरला बदली झाली. माझी ट्रंक भिकाच्याच लॉरीत चढली, दुसरी सोय नव्हती. वहिनींनी हातानं शिवलेली एक चोळी दिली. तिला मशीनच्या टाक्यांहून बारीक टाके होते. कुसुम आणि नाना लॉरीपाशी उभे होते. नानांच्या बोटांत खडा फिरत होता. भिकाची भट्टी पेटेना, आणि त्या खोळंब्यात तो घाम पुसत सहज समोर बघून बोलून गेला, जुन्या सवयीनं.

“नाना, पत्र्यावर दोन हायत. आदी कोन?”

बोलल्यावर त्याला समजलं आणि त्यानं जीभ चावली. नानांचा खडा खाली पडला. त्यांचा डावा हात कोटाकडे गेला, खिशाच्या तोंडावरून फिरला, टाक्यांवरून पुढे मागे फिरत राहिला. कुसुमनं तो हात वरच्यावर धरला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. नानांनी पत्र्याकडे पाठ केली. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या मला स्पष्ट दिसत होत्या. “नीट जावा, बाई,” ते म्हणाले. लॉरी धडधडली, हलली.

वळणापर्यंत मी मागं बघत होते. नाना तसेच, पत्र्याकडे पाठ करून, पोरीच्या हातात हात देऊन उभे. डावा कावळा आधी उडाला. मी पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.